बापूंचा दुसरा सीव्ही

बॅरिस्टर, सत्याग्रही, राष्ट्रपिता... हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण सेवाग्रामच्या या म्हाताऱ्यानं तरुणपणी लष्कराचा युनिफॉर्म चढवून आणखी एक काम केलं होतं. जखमींच्या शुश्रूषेचं!

रात्रीचे अडीच वाजले होते. वर्ध्याजवळच्या एका हॉस्पिटलात, बाबांच्या कॉटशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत मी पेंगत बसलो होतो. हिंगणघाटच्या घरी बाथरूममध्ये पाय घसरला आणि बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. लॅपटॉप पाठीला लावून मी पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. आधीच्या दोन रात्री आईनं आणि ताईनं काढल्या होत्या. तिसरी माझी.

“बाबू, पॅन दे रे,” बाबा हळूच म्हणाले.

कॉटखालचं स्टीलचं भांडं मी बाहेर काढलं आणि तसाच उभा राहिलो. हात कुठे घालायचा, कूस कशी वळवायची, टाके दुखले तर? काहीच माहीत नव्हतं. पण खरं सांगू? तेवढंच कारण नव्हतं. मला किळस आली. स्वतःच्या बापाची. “थांबा बाबा, मावशींना बोलावतो,” म्हणत मी कॉरिडॉरमध्ये पळालो. मावशी दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. त्या येईपर्यंत चादर ओली झाली होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मावशींनी पाच मिनिटांत सगळं आवरलं. जाताना म्हणाल्या, “शिकून घ्या भाऊ. काही कठीण नाही आहे हे.”

सकाळी ताई आल्यावर मी बाहेर सटकलो. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं. घरी जायचं नव्हतं, वॉर्डात बसवत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. “आश्रम.”

परचुरे कुटी

वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या पोरांसाठी सेवाग्राम म्हणजे चौथीची सहल. रांग, डबा, ‘हात लावू नका’ आणि परत बस. मीही तसाच येऊन गेलेलो. या वेळी एकटा होतो, घाई नव्हती. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी असं करत फिरत होतो. कुडाच्या भिंती, कौलं, जमिनीवर चटया. आणि मग एका छोट्याशा झोपडीपाशी पाय थांबले. परचुरे कुटी. इथे कोण राहायचं?

परचुरे शास्त्री. संस्कृतचे पंडित. गांधीजींची नि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला येऊन थडकले. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. ज्याला झाला त्याला घरचेसुद्धा दारात उभं करायचे नाहीत. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, आपल्या झोपडीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधून घेतली आणि रोज तिथे जाऊन त्यांच्या अंगाला स्वतःच्या हातांनी तेल चोळायला, जखमा बघायला सुरुवात केली. तेव्हा गांधीजींचं वय होतं सत्तर. देशाचं राजकारण त्या आवारातून हलत होतं. नेते भेटायला ताटकळायचे आणि हा माणूस शास्त्रीबुवांचे पाय चोळत बसायचा.

तो प्रसिद्ध फोटो तुम्हीही बघितला असेल. मी दहा वेळा बघितलाय आणि दहाही वेळा ‘महात्मा आहे, करणारच’ असं म्हणून पान उलटलंय. त्या दिवशी मात्र मला वेगळाच प्रश्न पडला. या माणसाला हे जमलं कसं? हात कुठे घालायचा, हे त्याला कोणी शिकवलं?

आश्रमातून ‘सत्याचे प्रयोग’ विकत घेतलं आणि वॉर्डातल्या खुर्चीत बसून वाचायला लागलो. तीन दिवसांत संपवलं. एरवी मी तीन वर्षांतही संपवलं नसतं! आणि त्यात मला गांधीजींचा दुसराच सीव्ही सापडला.

ट्रेनी : राजकोट, १८८५

पहिली पोस्टिंग घरातच. वडील करमचंद गांधी भगंदरानं अंथरुणाला खिळलेले. पोरगा शाळकरी. जखमेचं ड्रेसिंग करायचं, औषध खलून द्यायचं, रोज रात्री पाय चेपायचे, ही त्याची ड्यूटी. हे सगळं तो मनापासून करायचा.

आणि नेमक्या शेवटच्या रात्री चुकला. काकांनी ‘मी बसतो, तू जा’ म्हटलं, तसा तो उठून बायकोच्या खोलीत गेला. पाच-सहा मिनिटांत नोकरानं दार ठोठावलं. वडील गेले होते. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनाला लागलेली ही टोचणी पुढे आयुष्यभर गेली नाही. त्यांनी ती लपवलीही नाही, चक्क छापून टाकली.

हे पान वाचताना मी एकदा समोरच्या कॉटकडे बघितलं. बाबा झोपले होते.

पार्ट टाइम : दरबान

आता सीन बदलूया. दक्षिण आफ्रिका, दरबान शहर. गांधी आता बॅरिस्टर. प्रॅक्टिस जोरात, समुद्राजवळ बंगला, सूट-बूट. आजच्या भाषेत म्हणायचं तर पॅकेज मस्त. एक दिवस दारात एक कुष्ठरोगी आला. बॅरिस्टरसाहेबांनी त्याला घरात घेतलं, जखमा धुऊन बांधल्या आणि काही दिवसांनी सरकारी हॉस्पिटलात पोचवलं. पण मनात भुंगा शिरला तो शिरलाच. नुसती देणगी देऊन यांचं समाधान होईना, रोज काहीतरी हातानं करायला हवं होतं.

तिथे डॉ. बूथ नावाचे एक मिशनरी डॉक्टर होते. पारशी रुस्तमजींच्या पैशातून त्यांच्या देखरेखीखाली एक छोटं धर्मादाय हॉस्पिटल सुरू झालं. गांधींनी कोर्टातलं काम थोडं दुसऱ्याकडे सोपवलं आणि रोज सकाळी एक ते दोन तास तिथे कंपाउंडरचं काम करायला जाऊ लागले. पेशंटच्या तक्रारी ऐकायच्या, डॉक्टरला सांगायच्या, औषध बांधून द्यायचं. पेशंट बहुतेक गिरमिटिये, म्हणजे करारावर ऊसमळ्यांत राबायला आणलेले आपलेच लोक.

आपण रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये काढतो. असो.

घरच्या आघाडीवरही शिक्षण चालू होतं. बाळंतपण आणि बालसंगोपनावरचं एक गुजराती पुस्तक त्यांनी वाचून काढलं होतं. १९०० च्या मे महिन्यात कस्तुरबांना अचानक कळा सुरू झाल्या, सुईण मिळेना, तेव्हा धाकट्या देवदासचं बाळंतपण त्यांनी स्वतः केलं!

फील्ड पोस्टिंग : बोअर युद्ध

ऑक्टोबर १८९९ मध्ये ब्रिटिश आणि बोअर यांच्यात युद्ध पेटलं. गांधी तीस वर्षांचे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्याच वयाचे. मनातून सहानुभूती बोअरांबद्दल. पण ब्रिटिश नागरिक म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही करायला हवं, असा त्यांचा तेव्हाचा हिशोब होता. बंदूक धरायची नव्हती. मग जखमींना उचलायचं ठरलं. हिंदी लोकांचं हे अँब्युलन्स पथक अकराशे जणांचं झालं. त्यातले आठशेच्या आसपास गिरमिटिये. डॉ. बूथ यांनीच सगळ्यांना ट्रेनिंग दिलं.

लिव्हरपूलचे फॅन असाल तर अ‍ॅनफील्डचा ‘कॉप’ स्टँड तुम्हाला माहीत असेलच. ते नाव आलं नाताळ प्रांतातल्या स्पायन कॉप या टेकडीवरून. जानेवारी १९०० मध्ये तिथे ब्रिटिश सैन्य अक्षरशः कापलं गेलं. पथकानं गोळ्यांच्या माऱ्यात जायचं नाही असं आधी ठरलं होतं. पण स्पायन कॉपनंतर सेनापती बुलरचा निरोप आला. सक्ती नाही, पण आलात तर उपकार होतील. पथक गेलं. जखमींना स्ट्रेचरवर घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालायचं. म्हणजे साधारण वर्धा ते हिंगणघाट, खांद्यावर एक कण्हणारा माणूस घेऊन. त्या धुमश्चक्रीत वार्ताहर आणि लेफ्टनंट म्हणून धावपळ करणारा आणखी एक तरुण होता. नाव, विन्स्टन चर्चिल.

सहा आठवड्यांनी पथक विसर्जित झालं. पुढाऱ्यांना पदकं मिळाली.

ऑफिसची पोरं आणि प्लेग

१९०४. आता गांधी जोहान्सबर्गला. हिंदी वस्तीत न्यूमोनिक प्लेग आला, तेवीस जण एकदम आजारी. गांधींना चिठ्ठी आली, तसे ते सायकलवरून निघाले. एका रिकाम्या घराचं कुलूप फोडून पेशंट तिथे हलवले होते. डॉक्टर मिळाला, गॉडफ्रे नावाचा. पण एवढ्यांची शुश्रूषा करायला माणसं कुठली?

गांधींच्या ऑफिसात चार हिंदी तरुण कारकून होते. साहेबांनी त्यांनाच विचारलं. आता कल्पना करा, तुमच्या बॉसनं तुम्हाला प्लेगच्या वॉर्डात नाइट शिफ्ट मारायला सांगितली तर? आपण पहिला मेल एचआरला टाकू. ती पोरं मात्र हो म्हणाली. रात्रभर औषध पाजणं, अंथरुणं बदलणं, घाण काढणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीनं एक गोदाम आणि एक नर्स दिली. डॉक्टरच्या परवानगीनं गांधींनी तिघांवर ओल्या मातीच्या पट्ट्यांचा प्रयोग केला. त्यातले दोघं वाचले. बाकी वीसही गेले.

आणि ती नर्सही गेली. तिलाही प्लेग झाला. तिच्याबद्दल दोन-तीन ओळींपेक्षा जास्त काही वाचायला मिळालं नाही. बाकीच्यांना काहीच झालं नाही, ती एकटी गेली.

सार्जंट मेजर गांधी

सीव्हीतली सगळ्यात भारी एन्ट्री १९०६ ची. नाताळमध्ये नव्या डोईपट्टीविरुद्ध झुलू लोक उठले. बंबाथा हा त्यांचा म्होरक्या. सरकारनं फौज पाठवली. गांधी पुन्हा पथक घेऊन गेले, पण या वेळी जेमतेम वीस-चोवीस माणसं. गांधींना हंगामी हुद्दा मिळाला, सार्जंट मेजर. पूर्ण युनिफॉर्म.

तिथे पोचल्यावर कळलं की हे युद्ध नव्हेच. ही माणसांची शिकार चालू होती. झुलूंकडे बंदुका जवळपास नव्हत्याच. पथकाकडे आलेले पेशंट लढाईत जखमी झालेले नव्हतेच बहुतेक. संशयावरून धरून चाबकानं फोडून काढलेले लोक होते ते. पाठीवरच्या जखमा चिघळलेल्या, कित्येक दिवस कोणी हात लावलेला नाही. गोरे लोक त्यांची शुश्रूषा करायला तयार नव्हते. वर कुंपणाबाहेर उभे राहून पथकाला ‘कशाला करताय यांचं’ म्हणत झुलूंना शिव्या घालत होते.

पथकानं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. एकमेकांची भाषा येत नव्हती. पण आपल्याला बरं करायलाच हे आलेत, हे त्या लोकांच्या डोळ्यांत दिसत होतं, असं गांधींनी लिहून ठेवलंय. महिना-सव्वा महिना हे चाललं. कधीकधी दिवसाला चाळीस मैल चाल. चालता चालता डोक्यात विचार चालू. पुढच्या आयुष्याचे मोठे निर्णय त्यांनी त्याच माळरानांवर घेतले.

जुलैमध्ये पथक परतलं. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात ती प्रसिद्ध सभा झाली आणि सत्याग्रहाची सुरुवात झाली. मध्ये फक्त दोन महिने! एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, इतिहास एवढा सोपा नसतो. पण साम्राज्याच्या चाबकानं माणसाच्या पाठीचं काय होतं, ते या वकिलानं दोन महिने आधी स्वतःच्या हातांनी धुऊन बघितलं होतं, एवढं नक्की.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लगेचच गांधी लंडनमध्ये पोचले. तिथेही त्यांनी ऐंशीएक हिंदी लोक गोळा केले, फर्स्ट एडचा सहा आठवड्यांचा कोर्स करवला. पुढे नेटलीच्या लष्करी हॉस्पिटलात जखमी हिंदी सैनिक आले आणि पथकाला काम मिळालं. पण गांधी स्वतःच प्लुरसीनं आडवे झाले आणि भारतात परतले.

पदकं मात्र तीन जमली होती. बोअर युद्धाचं, झुलू मोहिमेचं आणि सरकारनं आफ्रिकेतल्या सेवेबद्दल दिलेलं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक. १ ऑगस्ट १९२० ला तिन्ही व्हॉइसरॉयला परत पाठवली. पंजाबात जालियनवाला घडवणाऱ्या सरकारची पदकं त्यांना मिरवायची नव्हती.

‘बाईचं काम’

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण ‘नर्स’ हा शब्द जरा जास्तच होतोय. मलाही आधी तसंच वाटलं. का वाटलं, ते मात्र बघण्यासारखं आहे.

मार्च १८८८ मध्ये दहा ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. आपल्या लष्करी परिचर्या सेवेची सुरुवात तिथून धरतात. त्या दहाही बायका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई. आपल्या वॉर्डातल्या सिस्टर, मावशी, सगळ्या बाया. ‘ब्रदर’ तसे मोजकेच. घरीसुद्धा आजारपण आलं की आई, बहीण, बायको. मुलगा काय करतो? पैसे ट्रान्सफर करतो, रिपोर्टचे फोटो डॉक्टर मित्राला पाठवतो, गाडी बोलावतो. मी गेली आठ वर्षं हेच करत होतो आणि स्वतःला जबाबदार मुलगा समजत होतो. गांधींनी १९०५ मध्येच नाइटिंगेलबद्दल आपल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये लिहिलं होतं. तिचं कौतुक करून ते थांबले नाहीत, तिचं काम पुरुषांच्या गळ्यात घातलं. वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या, ऑफिसातल्या पोरांच्या.

नर्स म्हणून ते आदर्श होते का? अजिबात नाही! हट्टी होते. माती, पाणी, उपास यांवर त्यांचा भलता विश्वास. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात असताना मुलानं पेनिसिलिन मिळवलं, तर गांधीजींनी टोचू दिलं नाही. या गोष्टीवर आजही लोक भांडतात आणि भांडायला जागा आहे. गंमत म्हणजे १९२४ मध्ये स्वतःचं अपेंडिक्स दुखलं तेव्हा मात्र पुण्याच्या ससूनमध्ये ब्रिटिश सर्जनकडून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. मध्येच वीज गेली, शेवट कंदिलाच्या उजेडात!

पण एक गोष्ट त्यांना पक्की येत होती. आजारी माणसाच्या अंगाला हात लावताना त्याला लाज वाटू द्यायची नाही. राजकोटपासून नाताळपर्यंत ते हेच शिकले आणि सेवाग्रामच्या त्या झोपडीत, सत्तराव्या वर्षी, तेच वापरलं. शास्त्रीबुवा नंतर वर्ध्याजवळच्याच दत्तपूरला गेले. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या कुष्ठधामात. तिथेच १९४५ मध्ये त्यांचा शेवट झाला. त्या झोपडीतल्या तेलानं त्यांचा रोग बरा झाला नव्हता. पण रोज सकाळी कोणीतरी येऊन त्यांना हात लावत होतं.

चौथ्या दिवशी मी मावशींना म्हटलं, “शिकवा.” त्या हसल्या. दोन्ही पायांच्या मध्ये उशी कशी ठेवायची, एक हात पाठीखाली, एक कमरेखाली कसा, पॅन आधी कोमट पाण्यानं का धुवायचा, सगळं दाखवलं. त्या रात्री बाबांनी मागायच्या आधीच मी विचारलं. ते दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली.

जमलं. थोडं सांडलं, पण जमलं.

परत पांघरूण घालत होतो तेव्हा बाबा म्हणाले, “हात लई गार आहेत लेका तुझे. आधी चोळून घेत जा.”

बॉक्स : वीकेंडला सेवाग्राम

कसं जाल? मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याला थांबते. स्टेशनपासून आश्रम साधारण आठ किलोमीटर, रिक्षा मिळतात. नागपूरहून रस्त्यानं पाऊण-शंभर किलोमीटरच्या आत. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो.

काय बघाल? गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला इथे, तेव्हाच्या शेगावात, पहिल्यांदा आले. संत गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आदि निवास, बापू कुटी आणि बा कुटी सगळेच बघतात. परचुरे कुटी चुकवू नका.

आणखी काय? जवळच डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं मेडिकल कॉलेज आहे. इथे नव्या विद्यार्थ्यांची सुरुवात आश्रमातल्या पंधरा दिवसांच्या शिबिरानं होते आणि कपडे खादीचे. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, वर्ध्याचं ऊन म्हणजे ऊन!